सरांना सांगायचं कोणी?

एखाद्या गोष्टीचा निकाल लागला की ती एका वाक्यात सांगून मोकळं होता येतं. निकाल लागत नाही तेव्हाच किस्से साठतात. आमच्या क्लबात होळीपासून गणपतीपर्यंत एकाच प्रश्नाचा निकाल लागत नव्हता. तेवढ्या काळात माझ्याकडे इतके किस्से जमले की आता कुणी नुसतं ‘काय म्हणतोय फुटबॉल?’ असं विचारलं तरी मला दमल्यासारखं होतं.

प्रश्न साधा होता. गायकवाड सर राहणार का जाणार?

आमचा क्लब म्हणजे कर्जतचा फाटक इलेव्हन. रेल्वे फाटकाशेजारच्या मैदानात सुरू झाला म्हणून फाटक. ते फाटक कधीच बंद झालं, नाव तेवढं राहिलं. यशवंत गायकवाड आमचे मॅनेजर. रेल्वेत फिटर होते, शाळेत एक दिवस शिकवलेलं नाही, पण सगळं गाव त्यांना सर म्हणतं. मॅनेजर म्हणजे टीम निवडणारे तेच, पळवणारे तेच, पाय मुरगळला तर बर्फ लावणारे तेच आणि गोलचं जाळं फाटलं तर सुतळी घेऊन बसणारेही तेच. मी क्लबचा सेक्रेटरी. सरांच्याच हाताखाली बारा वर्षं राइट बॅक खेळलो. आता खालापूरला कचेऱ्यांसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. अध्यक्ष बाळाशेठ, त्यांचं हार्डवेअर. बाकीची माणसं येतील तशी सांगतो.

* * *

सुरुवात झाली कशेळ्याच्या स्पर्धेतून. आम्ही सेमीफायनल हरलो. सेमीफायनल हरणं आमच्याकडे नवीन नाही. सलग पाचव्या वर्षी हरलो. तेही पेनल्टीवर!

दुसऱ्याच दिवशी बाळाशेठच्या गोडाऊनमध्ये कमिटी बसली. पीव्हीसी पाइपांच्या थप्प्यांवर आम्ही पाच जण. सरांची पद्धत जुनी झाली, मोठ्या स्पर्धांना आता सर्टिफिकेटवाला कोच लागतो, पनवेलला एक निनाद म्हणून हुशार मुलगा आहे, तो यायला तयार आहे... दहा मिनिटांत ठरलं. मीही हात वर केला. खोटं कशाला बोलू?

मग बाळाशेठ म्हणाला, “ठरलं ना? आता सरांना सांगायचं कोनी?”

त्यानंतर दोन तास मीटिंग चालली. वडापाव झाले, चहा दोनदा झाला. खजिनदाराला अचानक आठवलं की त्याच्या लग्नात मध्यस्थी सरांनी केली होती. उपाध्यक्षाला आठवलं की त्याची रेल्वेची परीक्षा सरांनी करून घेतली होती. मला काहीच आठवावं लागलं नाही, मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली खेळलो हे सगळ्यांना माहीतच होतं.

शेवटी मी इतिवृत्त लिहिलं : ‘सरांना बदलण्याचे सर्वानुमते ठरले. सांगायचे कोणी, हा विषय पुढील सभेत घेण्यात यावा.’

* * *

पुढच्या सभेत बाळाशेठने छाती पुढे काढली. “अध्यक्ष मी हाय, मीच जातो. त्यात काय!”

रविवारी सकाळी सहाला गेला. सर मैदानात एकटेच चुन्याच्या रेषा मारत होते. आम्ही लांब टपरीवर उभे राहून बघत होतो. बाळाशेठ सरांच्या बाजूला गेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. काहीतरी बोलला. मग दोरीचं एक टोक त्याच्या हातात गेलं. मग चुन्याचं घमेलं. मग दोघंही वाकले ते उठेचनात.

तासाभराने बाळाशेठ परत आला. कोपरापर्यंत पांढरा.

“सांगितलंत?”

“अरे, वाकलेल्या मानसाला काय सांगनार? म्हटलं उभा राहील तवा सांगू.”

“मग?”

“उभाच राहिला नाय रं!”

* * *

मग ठरलं की तोंडी नकोच, पत्र द्यायचं. पत्र कोण टाइप करणार? मी.

मी आयुष्यभर लोकांचे अर्ज टाइप केलेत. वारसाचे, रस्त्याचे, नावात बदल केल्याचे. एका बैठकीत वीस अर्ज काढतो. हे पत्र मला नऊ दिवस लागले. रोज उघडायचं, ‘महोदय’ लिहायचं, बंद करायचं. नवव्या दिवशी एकदाचं झालं. फक्त नाव टाकायचं राहिलं होतं, तिथे टिंबं दिली होती. तेवढ्यात समोर सर!

त्यांच्या कागदांत घोळ होता. आधारवर यशवंत आणि नोकरीच्या कागदात येशवंत. त्याचं प्रतिज्ञापत्र करायला ते कर्जतहून आले होते. खुर्ची ओढून माझ्या शेजारीच बसले. चष्मा लावला. आणि स्क्रीनवरचं पत्र वाचायला लागले. मला माउस सापडेना.

“‘आपणांस जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे.’ कुणाचं रे हे?”

“एका... एका संस्थेचं आहे सर. गिऱ्हाईक आहे.”

“बरीच वर्षं काम केलेलं दिसतंय बिचाऱ्याने.”

“हो सर.”

सरांनी सगळं वाचलं. सावकाश. मग स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाले, “हे शेवटी आभार मानलेत ना, ते वर घे. पहिल्या ओळीत. ‘मुक्त’ वाचल्यावर माणूस पुढचं वाचत नाही.”

मी आभार वर घेतले. ते बघत होते म्हणून घ्यावेच लागले. मग त्यांचं प्रतिज्ञापत्र काढून दिलं. ते पंख्याखाली पाणी पिऊन कर्जतच्या गाडीला गेले. त्या दिवशी पुढच्या गिऱ्हाइकाला मी म्हटलं, “उद्या या.”

ते पत्र अजून माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. टिंबांसकट.

* * *

पण अशा गोष्टी लपून राहत नाहीत. कमिटीतल्या पाच जणांनी आपापल्या घरी ‘कुणाला बोलू नका’ म्हणून सांगितलं. आठवड्यात चौकातल्या रिक्षावाल्यांना माहीत. लोक दुकानात येऊन बाळाशेठला विचारायला लागले. बाळाशेठचं ठरलेलं उत्तर, “सर कुठं बी जात नायत!” नळाची तोटी मागायला आलेल्या माणसालाही तो आधी हेच सांगायचा.

कुणी म्हणायचं सरांना नेरळच्या टीमने बोलावलंय. कुणी म्हणायचं खोपोलीच्या. पळसदरीला तर बातमी होती की सर ऑलरेडी गेले!

आमचा कॅप्टन हिरामण पारधी. कशेळ्याच्या वर डोंगरात त्याची वाडी आहे. सव्वीस वर्षांचा, डिफेन्सला उभा राहिला की भिंत. पण बोलण्याच्या बाबतीतही भिंतच. पूर्ण सीझनमध्ये दहा वाक्यं बोलत असेल. एका रविवारी तो प्रॅक्टिसला आला तो बूट न घालताच सरांसमोर जाऊन उभा राहिला.

“सर, तुमी जानार हाय का?”

सगळे थांबले. मी तर वॉर्मअप करत नव्हतो तरी थांबलो.

“कुठं?” सर म्हणाले.

“म्हाईत नाय. जीपवाला बोलला.”

“कशेळ्याचा जीपवाला?”

“हां.”

“किती वर्षं बसतोस रे त्याच्या जीपमध्ये? ‘आत्ता निघाली’ म्हणतो, पण सीटा भरल्याशिवाय कधी सुटलाय का तो? घाल बूट!”

सगळे हसले. हिरामण बूट घालायला बसला. त्याच्या बाजूला मी उभा होतो. नाडी बांधता बांधता खाली मान घालून तो मला म्हणाला, “सेक्रेटरी, सरांनी ‘नाय’ नाय बोलले.”

* * *

जूनमध्ये निनादचा फोन आला. “सर, मी नक्की कधीपासून येऊ?” तो मला सर म्हणत होता. त्या शब्दाचीच भीती बसली होती तेव्हा. त्याला सांगितलं, थोडं थांब. जुलैत पुन्हा सांगितलं, थोडं थांब.

मग खजिनदाराला कल्पना सुचली की सरळ घरी जायचं आणि वहिनींना सांगायचं. सुमनवहिनी अंगणवाडीत होत्या, गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या. रडणाऱ्या चाळीस पोरांना एका आवाजात गप्प बसवणारी बाई. त्यांना सांगितलं की त्या बरोबर सरांपर्यंत पोचवतील.

आम्ही तिघं गेलो. सर आत आंघोळीला गेले होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली सोफ्यावर आम्ही ओळीने बसलो. वहिनींनी पोहे दिले. पोहे संपेपर्यंत पावसावर बोललो. मग बाळाशेठने घसा साफ केला आणि कसंबसं सांगितलं की क्लबला वाटतं, सरांनी आता आराम करावा.

वहिनींनी बशा गोळा केल्या. म्हणाल्या, “इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ तुमच्याकडेच होते. आता तुम्हाला नको, तर मी कुठे ठेवू?”

आम्हाला वाटलं चिडल्या. पण नव्हत्या. बशा तशाच हातात धरून त्या समोर बसल्या. “खरं सांगू? मीच त्यांना चार वर्षं सांगतेय, सोडा म्हणून. उजवा गुडघा गेलाय. जिना उतरताना भिंत धरतात. मैदानात नाही धरत, तुमच्यासमोर. नाशिकला लेकीकडे आठ दिवस राहायचं म्हटलं तर म्हणतात, रविवारचं काय? तुम्ही सोडवत असाल तर सोडवा. मी ओवाळीन तुम्हाला.”

हे असं काही येईल याची तयारी आम्ही केली नव्हती.

“जमत नाही ना सांगायला? थांबा, मीच सांगते.” आणि वहिनी आत तोंड करून ओरडल्या, “अहो! ऐकलंत का? ही मंडळी आलीत, ती म्हणतात...”

“नको! नको वहिनी!” आम्ही तिघंही उभे. आतून कडी निघाल्याचा आवाज आला, तेवढ्यात आम्ही जिन्यावर. कोपऱ्यावर जाऊन श्वास घेतला तेव्हा बाळाशेठने खाली बघितलं.

तो सरांच्या चपला घालून पळाला होता!

* * *

आता निनाद. सांगितलं होतं थांब, पण तोही माणूस आहे. किती थांबेल? गणपती गेले आणि पहिल्याच रविवारी तो न कळवता आला. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, पाठीला सॅक. तिशीचा असेल. सव्वासात वाजले होते आणि आमची प्रॅक्टिस साडेसहाला सुरू होते.

सरांनी त्याला मैदानाच्या कडेला बघितलं आणि तिथूनच आवाज दिला, “ही वेळ आहे? बॅग ठेव. दोन राऊंड!”

निनादने आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघं टपरीपाशी. बाळाशेठने आकाशाकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

आणि निनादने बॅग ठेवली आणि पळायला लागला!

पूर्ण दोन राऊंड मारले. चिखल होता, एकदा घसरला, उठला, पुन्हा पळाला. मग सरांसमोर येऊन गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला.

“नाव काय?”

“निनाद. सर, मी... मी नवीन कोच.”

होळीपासून पाच माणसांना जे जमलं नव्हतं, ते त्या मुलाने चार शब्दांत सांगून टाकलं. दम लागला होता म्हणून की काय, कोण जाणे.

मैदानात चेंडूचा आवाज बंद झाला. सर त्याच्याकडे बघत राहिले. मग मान वळवून त्यांनी आमच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मॅच हरल्यावर बघायचे तसं बघितलं, कुणाला कुठे लागलंय का ते बघितल्यासारखं. मी बारा वर्षं त्यांच्या हाताखाली खेळलो, पण ते मोकळं मैदान मला लपायला कधी एवढं अपुरं वाटलं नव्हतं.

“कोच आहेस?” सर निनादला म्हणाले. “मग तीन मारायला हवे होते.”

निनाद खरंच वळला. सरांनी त्याचा दंड धरला. “बस इथे. आधी ऐकून घे.”

दोघं गोलपोस्टला टेकून बसले. सर एकेकाकडे बोट करून सांगत होते, निनाद मोबाइलवर लिहून घेत होता. मी हळूहळू जवळ जाऊन उभा राहिलो. हिरामणचा डावा घोटा जुना दुखरा आहे, तो कधी सांगणार नाही, लंगडायला लागला की समज. गोलकीपरला त्याच्या वडिलांसमोर ओरडायचं नाही. तो अकरा नंबर रात्रपाळी करून थेट कंपनीतून येतो, काही खाल्लेलं नसतं, त्याला आधी केळं दे, मग पळव. असं सगळ्यांचं. एक तासभर.

शेवटी निनादने विचारलं, “आणि टॅक्टिक्स, सर?”

“ते तुला येतं म्हणे. सर्टिफिकेट आहे ना.”

सर उठले. उठताना त्यांनी गोलपोस्ट धरला. सगळ्यांसमोर.

जाताना माझ्यापाशी थांबले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “राहू दे रे. तुला कधीच क्रॉस नीट मारता आला नाही. चेंडू समोरच्यापर्यंत पोचायचाच नाही.”

* * *

मग निरोप समारंभ. तो तरी धड व्हावा की नाही?

शाळेचा हॉल घेतला. शाल, श्रीफळ, सगळं आणलं. वहिनी पहिल्या रांगेत. हिरामणच्या वाडीवरून अख्खी जीप भरून माणसं आली होती. बाळाशेठचं भाषण मी टाइप करून दिलं होतं, मोठ्या अक्षरात. पण माणूस माइकसमोर गेला की त्याला सवयीचं तेवढंच आठवतं. बाळाशेठ उभा राहिला, समोर गच्च भरलेला हॉल बघितला, आणि जोरात म्हणाला,

“मी सगल्यांना एकच सांगतो. सर कुठं बी जात नायत!”

टाळ्यांचा कडकडाट! हिरामणची माणसं तर उभी राहिली. बाळाशेठला कळेना आता पुढचं वाचायचं कसं. त्याने कागद घडी करून खिशात टाकला आणि खाली बसला.

सरांना बोलायला सांगितलं. ते माइकजवळ गेले, माइक खाली केला. मग म्हणाले, “जे सांगायचं ते मी मैदानात ओरडून सांगितलंय. इथे हळू आवाजात मला काही सांगता येणार नाही.” शाल काढून वहिनींच्या हातात दिली आणि जेवायला चला म्हणाले.

त्यानंतर दोन महिने सर मैदानाकडे फिरकले नाहीत. नाशिकला जाऊन आले, गुडघ्याचं बघून आले, असं कानावर यायचं. मी त्यांच्या घरावरून जायचो, पण वर गेलो नाही.

* * *

दिवाळीनंतर खालापूरला स्पर्धा होती. निनादची पहिली मोठी मॅच. दुकान बंद करून मी गेलो. एक्स्प्रेस वेवरच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि मैदानाला चारी बाजूंनी दोरी लावून पब्लिक उभं होतं. कर्जतहून दोन टेंपो भरून लोक आले होते.

निनादने मेहनत घेतली होती, त्यात वाद नाही. फळ्यावर बाण काढून शिकवायचा, मुलांना आवडतही होता. पण हाफ टाइमच्या आधीच आम्ही दोन गोल खाल्ले. दुसरा तर आमच्याच डिफेंडरच्या डोक्याला लागून आत गेला. निनाद रेषेवर उभा होता. मी त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. मला पुन्हा तेच सगळं दिसायला लागलं. पाइपांच्या थप्प्या, वडापाव, दोन तासांची मीटिंग.

आणि मागून, गर्दीतून, खणखणीत आवाज आला,

“अरे, मॅनेजर बदला रे!”

लोक हसले. दोन-चार जणांनी री ओढली. निनादचे कान लाल झाले. मी चिडून मागे वळलो, म्हटलं बघू तरी कोण आहे.

दोरीच्या पलीकडे, डोक्याला रुमाल बांधून, उकडलेल्या शेंगांचा कागद हातात घेऊन गायकवाड सर उभे होते. शेजारी वहिनी, शेंगा सोलत.

निनादनेही बघितलं. तो दोन पावलं चालत दोरीपाशी गेला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. पण त्याने दोरी दोन्ही हातांनी वर उचलली, माणूस वाकून आत येईल एवढी, आणि तशीच धरून उभा राहिला.

आजूबाजूचं हसणं थांबलं. मैदानातून हिरामण बघत होता. सरांनी दोरीकडे बघितलं, निनादकडे बघितलं, मग हातातली शेंग फोडली.

“नको रे,” म्हणाले. “इथनं बरं दिसतंय.”